पोर झोपलंय, मोठ्याने वाचा

नववीत माझी शाळा सुटली ती सुटलीच. मग काही वर्षं पहूरला घरीच, मग लग्न, मग धुळ्याला, मग पोरगा, सगळं असं एकामागून एक झालं की दम घ्यायला फुरसत नाही. आमच्या ह्यांची पिठाची चक्की होती आणि चक्कीच्या मागच्याच खोलीत आम्ही राहायचो. हेच एक दिवस म्हणाले, दहावी करून टाक, सतरा नंबरचा फॉर्म भरू, बाहेरून बस. पास झालं तर बालवाडीत नोकरी लागते असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. मी हो म्हणाले.

घरी अभ्यास होईना. एकीकडे चक्की, एकीकडे सासूबाई. "पोऱ्या सांभाळशी का पुस्तकं?" असं दिवसभर. शेवटी ह्यांनी शेजारच्या हायस्कूलच्या हेडसरांना विचारलं, हिला दुपारी वाचनालयात बसू द्या. हेडसरांचे गहू आमच्याकडेच दळायला यायचे, त्यामुळे त्यांना एकदम नाही म्हणता येईना. मला बोलावून म्हणाले, "बसा. पण तिथे शांतता पाहिजे. पोराचा आवाज एकदा जरी आला, तर त्याच दिवशी बंद."

मी मान हलवली आणि घरी येऊन रडले. कारण आमच्या पोराचं सगळं उलटंच होतं. जन्मल्यापासून तो चक्कीच्या धडधडाटात झोपलेला. लाइट गेली, चक्की थांबली, की हा जागा. शांत जागेत त्याला झोपच लागायची नाही, आणि वाचनालयाइतकी शांत जागा दुसरी कुठली?

तिथली कामं मुलंच करायची. ग्रंथमित्र म्हणायचे त्यांना, छातीवर पुठ्ठ्याचा बिल्ला. पुस्तकांना कव्हरं घाला, फाटकी पानं खळीने चिकटवा, शिक्के मारा. त्यांची मॉनिटर नववीतली एक पोरगी होती, दोन वेण्या आणि आवाज असा की मीच दचकायची. तिने मागच्या दोन कपाटांना माझी साडी बांधून झोळी केली. मी झोपलेलं पोर आत ठेवलं, गणिताचं पुस्तक उघडलं, आणि झोळी हलली.

"वहिनी, उठी गया ना हा!"

मी घाबरून तिला सगळं सांगून टाकलं, चक्की, झोप, हेडसरांची अट, सगळं.

"मग आधी नाही का सांगायचं?" म्हणाली, आणि शिक्का उचलून टेबलावर थाप, थाप, थाप. पोरगा परत झोपला.

त्या दिवसापासून त्या वाचनालयात जे शिक्के बसले! एका पुस्तकाच्या तर पानापानावर. शिक्का नसेल तर स्टूल ओढायचं, कपाटाची दारं आपटायची. हेडसरांची खोली मैदानापलीकडे, त्यांना काही कळेना. वाचनालयाचे सर म्हातारे, कानाने कमी, दाराशी पेपर वाचत बसायचे. ते कौतुकाने म्हणायचे, "यंदाची पोरं फार कामसू हं."

आणि मग तपासणी आली. मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी कपाटांमागे बसलेली, पोर झोळीत, आणि दारातून हेडसर मोठ्या साहेबांना घेऊन आत. हेडसरांनी आधीच मुलांना तंबी दिलेली, त्यामुळे सगळी तोंडावर बोट ठेवून बसली. पंख्याचासुद्धा आवाज नाही. मी झोळीची कड धरून ठेवली. आज संपलं, बालवाडी गेली, सासूबाईंना काय सांगू.

झोळी हलायला लागली. मॉनिटर ताडकन उभी राहिली.

"साहेब, आमचा उपक्रम! मोठ्याने वाचन!"

आणि जे हाताला लागेल ते घेऊन सगळी एकदम वाचायला लागली. कोणी इतिहास, कोणी शब्दकोश, एकजण तर एसटीचं वेळापत्रक, दोंडाईचा, नरडाणा, असं रागावल्यासारखं ओरडत. साहेबांनी आधी मान डोलावली, मग कानावर हात ठेवले. तरी पोरं थांबेनात.

"गप्प बसा!" हेडसर ओरडले.

बठ्ठे गप्प, एकूण एक. आणि माझ्या पोराने टाहो फोडला.

साहेब कपाटांमागे आले. झोळीत बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे कोणत्या वर्गातलं?"

मी पोराला थोपटायला लागले. मॉनिटरच म्हणाली, "साहेब, ह्याची आई बाहेरून बसलीय. हा शांततेत उठतो. आवाज केला की झोपतो."

"काहीतरीच!"

"बघा ना साहेब." तिने हात वर केला, पोरं वाचायला लागली, हा झोपला. हात खाली, पोरं गप्प, हा रडला. साहेबांना इतकं हसू आलं की त्यांनी स्वतःच हात वर-खाली करून बघितला. दोनदा! मला मेलीला तेव्हाही वाटत होतं, पोराला पुरतं उठवतात आता.

हेडसर माझ्याकडे असे बघत होते की मी पिशवी भरायलाच घेतली. तेवढ्यात साहेब म्हणाले, "वा! शाळेने शिकणाऱ्या आईची सोय केली, हे मी प्रथमच बघतोय."

हेडसरांनी एकदा घसा साफ केला. "हो साहेब. आमचाच उपक्रम आहे तो."

साहेब गेल्यावर मी हात जोडून उभी. हेडसरांनी एकदा झोळीत डोकावून बघितलं. मग म्हणाले, "पिशवी ठेवा खाली. परीक्षेपर्यंत यायचं. आणि पास व्हायचं, कळलं? मी साहेबांसमोर बोलून बसलोय."

त्याने मी जास्तच घाबरले. पुढे मोठ्याने वाचन रोजचंच झालं. पोरगा सुखात झोपायचा आणि मी कानात बोटं घालून गणितं सोडवायची. तरी मार्चला गणित राहिलं. जूनमध्ये धीर करून गेले तर बिल्लेवाली पोरं नवी, आणि मॉनिटर दहावीत गेलेली. पण झोळी आधीच बांधलेली होती, आणि एक अनोळखी पोरगी शिक्का हातात घेऊन म्हणाली, "या वहिनी. ऑक्टोबरला सोडवायचंच आहे, हेडसरांनी सांगितलंय."