खंदकातला रंगरूट

आमच्या कंपनीची पोस्टिंग तेव्हा उत्तर बंगालात होती. कॅम्पच्या एका अंगाला चहाचे मळे, दुसऱ्या अंगाला जंगल. आता मी काल्हेरला एका गोदामावर सिक्युरिटी बघतो. हाताखालची पोरं मला नेहमी गोळीबाराचं विचारतात आणि मी त्यांना हत्तीचं सांगतो. त्यांची तोंडं उतरतात, पण ऐकतात.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नाईक दिनेश पाटील होता. तो राहनाळचा, मी निजामपुऱ्याचा. इतक्या लांब भिवंडीचा माणूस भेटला की तो घरचाच. मी हवालदार, म्हणून चारचौघांत तो मला 'उस्ताद' म्हणायचा आणि एकटे असलो की 'दादा'.

मचाणावरच्या ड्युटीत आम्हाला रोज संध्याकाळी एक कळप नदीवर जाताना दिसायचा. पुढे म्हातारी हत्तीण, मागे बाकीच्या सहा माद्या. त्या मोसमात कळपात एक पिल्लू जन्मलं. अंगावर तांबूस केस, पाय लटपटते. सोंडेचं करायचं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती त्याच्याच पायाखाली यायची आणि साहेब तोंडावर आपटायचे. पाणी प्यायचं तर गुडघे टेकून थेट तोंड लावायचं. दुधासाठी आईच्या पुढच्या पायांमध्ये शिरायचं, एरवी तिच्या पोटाखाली चालायचं. जरा मागे राहिलं की कुठली तरी मावशी त्याला सोंडेने पुढे ढकलायची.

पाटीलने त्याचं नाव 'रंगरूट' ठेवलं; फौजेत नव्या भरतीच्या पोराला तसं म्हणतात आणि त्याला शिकवणाऱ्याला उस्ताद. "उस्ताद, याला तर सगलेच उस्ताद हायेत," तो म्हणायचा. "एक न्हाय, सात!"

पंचाईत एवढीच, की कळपाला आमचा लंगर, म्हणजे कॅम्पचं स्वयंपाकघर, आवडायला लागला. पिठाच्या आणि मिठाच्या पोत्यांसाठी त्यांनी भिंत फोडली. हुकूम आला, लंगराभोवती खंदक खणा. जंगलाकडची कड उतरती ठेवा, असं फॉरेस्टवाले सांगून गेले होते. पण आमच्या हाताला एकच खंदक ठाऊक, लढाईतला. दोन्ही भिंती ओळंब्यात, कोपरे काटकोनात. सुभेदारसाहेबांनी दोरी धरून कड तपासली आणि वर गेरू-चुना मारून घेतला. फौजेत गमतीने म्हणतात, हलेल त्याला सॅल्यूट ठोका, हलणार नाही त्याला चुना मारा. इन्स्पेक्शनला आलेले साहेब खूष होऊन गेले.

मग एका रात्री धो धो पाऊस झाला. पहाटे स्टँड-टूला, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन सज्ज उभे असतात त्या वेळी, लंगराच्या बाजूने किंकाळी आली. मी वायरलेस सेट घेऊन धावलो, मागे पाटील. रंगरूट खंदकात पडला होता. पाणी त्याच्या पोटाला लागलं होतं. पलीकडच्या काठावर त्याची आई गुडघ्यांवर बसून सोंड खाली घालत होती. तिच्या वजनाने ओली कड ढासळत होती आणि चिखल पिल्लाच्याच अंगावर पडत होता. ती जितकी धडपडेल तितकं ते गाडलं जाणार होतं.

सेटवर कंपनी कमांडर मेजरसाहेब आले. "कोई फायर नहीं करेगा. हवाई फायर भी नहीं. ओव्हर."

"फॉरेस्टवाले, सर? ओव्हर."

"रास्ता पानी में है. जो करना है, हमें करना है. ओव्हर."

लंगराच्या बाजूने उतार काढणं सोपं होतं. पण मग पिल्लू अलीकडे, आई पलीकडे आणि मध्ये खंदक. उतार तिच्या पायाशीच निघायला हवा होता.

पाटील गैती, म्हणजे फौजी कुदळ, घेऊन खाली उतरला. मी ओरडलो, "पाटील, वर ये! सोंड लागली तर मान मोडेल!"

"दादा, तुमी पोती टाका," तो म्हणाला. मी हुकूम मागे घेतला नाही आणि त्याने पाळलाही नाही.

तो आतून पलीकडची भिंत फोडू लागला. आम्ही अलीकडून रेतीची पोती खाली सोडू लागलो, तो ती पायऱ्यांसारखी रचू लागला. एकदा हत्तिणीची सोंड त्याच्या डोक्यावर आली. टोपी हुंगली, खांदा हुंगला. पाटील मूर्तीसारखा थांबला. सोंड वर गेली आणि त्याने पुन्हा गैती उचलली.

शेवटी त्याने पिल्लाच्या मागे जाऊन खांदा लावला. "चल रे रंगरूट, कदम उठा!" पिल्लू घसरलं, पुन्हा चढलं. वरून सोंडेचा विळखा पडला आणि ते काठावर गेलं.

मला एकच धास्ती होती. माणसाचा वास लागलेलं पिल्लू कळपाने टाकलं तर? आईने त्याला नखशिखांत हुंगलं. मग पोटाखाली ओढलं. सगळ्या मावश्या भोवती आल्या, आणि कळप जंगलाकडे चालू लागला. माझा जीव भांड्यात पडला. मी सेटवर कळवलं, तर मेजरसाहेब नुसतेच हसत होते. सुभेदारसाहेबांनी स्वतः फावडं घेतलं आणि त्यांची ती चुन्याची सरळ कड उतरती करायला सुरुवात केली.

पुढच्या पोस्टिंगला आम्ही वर बर्फात गेलो. तिथे पेट्रोलिंगवर कडा कोसळला. पाटील त्यात गेला.

सुट्टी मिळताच मी राहनाळला त्याच्या आईकडे गेलो. लोक येऊन शूर, शहीद म्हणून जात होते. काकी कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "तो तिकरं काय करायचा रं?" मी रंगरूटचं सांगितलं.

त्या मध्येच म्हणाल्या, "मानसाचा वास लागलेला ना त्याला? मंग आईशीनं घेतला का?"

"घेतला, काकी. पोटाखाली घेतला."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि तेव्हा पहिल्यांदा रडल्या. "तिचा पोर तिला गावला."

दर वर्षी पाटीलच्या पुण्यतिथीला मी जातो. फोटोला हार होतात, भाषणं होतात. मंडप रिकामा झाला की काकी माझ्यापुढे चहा ठेवतात आणि म्हणतात, "आता त्या हत्तिनीच्या पोराचा सांग."