धुतलेला शर्ट आणि तेलाचा पट्टा

ती घटना आजही आठवते, ती एका धुतलेल्या शर्टामुळे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सुरतेला, उधन्याच्या बाजूला फौजदार होते. एका सकाळी खाडीत काळं तेल पसरलं आणि म्हशीवाले ठाण्यात येऊन बसले. तेवढ्यात निनावी फोन आला: तेल कापड रंगवणाऱ्या अमुक डाइंग मिलचं, तिथल्या मशीनवाल्यानं मुद्दाम सोडलंय.

मिलच्या हौदावर तेल काढायचं यंत्र होतं. त्याचा पट्टा पाण्यात बुडून वर येतो, तेल त्याला चिकटतं, पाती ते निपटून ड्रममध्ये टाकते. मग उरलेलं पाणी खाडीत सोडायचं. मॅनेजर म्हणाला, "मशीन कालपर्यंत चालू होतं, बेन. मशीनवाल्यानंच बंद केलं."

मशीनवाला खानदेशातला, नवागामात राहणारा. ठाण्यात आणून बसवला, तर अंगात पांढरा स्वच्छ शर्ट! तेलात काम करणारा माणूस आणि एक डाग नाही? पुरावा धुऊन आलाय, मी मनाशी पक्कं केलं.

"शर्ट कधी बदललास?"

"बदलला नाही, साहेब."

पुढे तोंडच उघडेना. अटकेचे कागद करायला सांगून मी त्याचे कपडे जप्त करायला खोलीवर गेले. तर त्याची बायकोच मला विचारायला लागली, "बाई, खरं सांगा, त्यासनं काम सुटनं का? आठ दिन व्हयनात, कपडासले तेलना डागच नही. रोज कोठे जातस, देव जाणे."

आठ दिवस! मी तिचा जबाब घेतला, पंच घेतले आणि थेट मिल गाठली. ड्रममध्ये वाकून पाहिलं. तेलावर धुळीची साय, वर कापडाचे धागे.

"काल चालू होतं ना?" मी विचारलं.

मॅनेजर घाम पुसत बोलला. यंत्राची मोटर आठ दिवसांपूर्वी काढून रंगाच्या मशीनला लावली होती, सकाळीच परत बसवली. फोनही त्याचाच. मशीनवाल्याला दिवसभर कापडाच्या गाठी उचलायला लावलं होतं, आणि तो गप्प होता, कारण राहती खोली मिलच्या शेठची होती.

त्याला सोडलं, तेव्हा बायको ठाण्याच्या दारातच कडाडली, "मंग माले का नही सांगं?"

"तू कव्हय इचारं?"

हवालदार हसले, मीही हसले. पण घरी गेल्यावर ते 'तू कधी विचारलंस' मलाच लागलं. तिनं भीतीपोटी विचारलं नाही. मी विचारलं, पण उत्तर आधी ठरवून. त्यानं तर पहिल्याच प्रश्नाला खरं सांगितलं होतं, शर्ट बदलला नाही म्हणून. ऐकलं कोणी?