कढईला लागण्याआधीचा वास

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी येडशीच्या शेतात विहिरीवर पाण्याचा कॅन भरत होतो. शनिवारी कॅन भरायचा आणि रविवारी दुपारी दिगंबरच्या घरी न्यायचा, हा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. तो आजारी पडल्यावरही मी तो मोडला नव्हता. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, या आता... गेले हे." मी मोटार बंद केली, कॅनचं झाकण घट्ट लावलं आणि कॅन गाडीवर घेऊनच धाराशिवला आलो. अंगणात माणसं जमलेली, आणि मी त्यांच्यात कॅन घेऊन उभा! कुणीतरी तो माझ्या हातून घेतला आणि अंघोळीच्या पाण्यात ओतला. व्हिस्कीत चार थेंब टाकायला आणलेल्या पाण्यानं दिगंबरची शेवटची अंघोळ झाली. त्याला हे आवडलं असतं की तो माझ्यावर खेकसला असता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

होय, व्हिस्कीच. दिगंबर आमच्या शाळेत शास्त्र शिकवायचा आणि मी गणित. निवृत्तीनंतर गावात त्याची ओळख 'पिणारे मास्तर' अशीच उरली. खरं सांगायचं तर तो वर्षभरात जेवढी प्यायचा, तेवढी आमच्याकडचे 'न पिणारे' लोक एका वरातीत रिचवतात. पण ते लपूनछपून पितात आणि हा भर दुपारी खिडकी उघडी टाकून बसायचा, कारण रंग उजेडात बघायचा असतो! कटिंग चहाचे दोन ग्लास, प्रत्येकात दोन चमचे. कुठल्यात कुठली व्हिस्की आहे हे आम्हाला कळू नये म्हणून वहिनी आतूनच ओतून आणायच्या आणि ग्लासाच्या बुडाला चिठ्ठी चिकटवायच्या. "देवाच्या नैवेद्याला एवढं सोवळं पाळलं असतं तर आत्तापर्यंत मोक्ष मिळाला असता," असं म्हणत त्या ग्लास ठेवायच्या आणि दारातच उभ्या राहायच्या, कारण निकाल त्यांनाही ऐकायचा असायचा. नळाच्या पाण्याला ब्लिचिंग पावडरचा वास, म्हणून पाणी माझ्या विहिरीचं. दोन घोटांच्या मध्ये ज्वारीच्या लाह्या. नाक थकलं की दिगंबर स्वतःच्याच सदऱ्याची बाही हुंगायचा आणि मग पुन्हा ग्लासाकडे वळायचा.

मला या सगळ्यातलं काही म्हणता काही कळायचं नाही. महागातली असो की साधी, मला ती खोकल्याच्या औषधासारखीच लागायची. "काय आलं?" तो विचारायचा. "दारूचा वास आला," मी सांगायचो. "अरे, दारूचा वास तर दारुड्यालाबी येतो. तिच्या मागं कोण उभं हाय, ते सांग की!" मग तो डोळे मिटून स्वतःच सांगायला लागायचा... हिच्या मागं भिजलेला कडबा आहे, हिच्यात जुन्या गुळाची ढेप आहे, ही मात्र नुसतीच नटून आलेली आहे, हिच्या मागं कुणीच नाही. वहिनी ग्लास उचलून बुडाची चिठ्ठी वाचायच्या, आणि दिगंबरचं सहसा चुकायचं नाही. मग तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "देवानं तुला जिभेच्या जागी चप्पल बसवली रे." मी रागवायचो नाही. पाणीवाला म्हणून का होईना, त्या मैफलीत माझी जागा पक्की होती.

त्याचं नाक घडलं ते भूमजवळच्या खव्याच्या भट्टीवर. भट्टी वडिलांची, आबांची. दूध आटत आलं की ते याला कढईजवळ उभं करायचे आणि सांगायचे, वास बदलला की कढई उतरवायची, डोळ्याला दिसेपर्यंत थांबलास तर खवा गेला. खवा कढईला लागायच्या जरासा आधी एक वास येतो म्हणे. धुराचा, गोड आणि थोडा भीतीचा. हा 'भीतीचा' शब्द त्याचाच. जगातल्या एकूण एक व्हिस्क्या तो त्या वासाशी ताडून बघायचा. परदेशातल्या कुठल्याशा बेटांवरच्या एका धुरकट व्हिस्कीत त्याला तो पहिल्यांदा सापडला, तेव्हा त्यानं ग्लास हलकेच खाली ठेवला. "आबा आले होते बघ," एवढंच म्हणाला.

आणि एके दिवशी तीच धुरकट व्हिस्की त्याला 'मेलेली' वाटली. बाटली पुतण्यानं पुण्याहून आणली होती, म्हणून पहिला आळ पुतण्यावर. मग दुसरी बाटली फोडली, तीही मेलेली. कंपन्या बिघडल्या, बुचं खराब निघाली, वहिनींची भांड्याची पावडर बदलली... रोज नवा संशयित. शेवटी पाळी माझ्या विहिरीवर आली. "बघ बाबा, आत काय पडलंय का." आता या माणसाच्या नाकावर शंका कोण घेणार? मी निमूटपणे माणसं लावून विहिरीतला गाळ काढला! बाटल्या तपासल्या, ग्लास तपासले, पाणी तपासलं. एक नाक तेवढं तपासायचं राहिलं. लिहिताना हसू येतं, आणि मग येत नाही.

भूमकडे एका लग्नाला गेलो होतो. येताना त्याच्या चुलतभावाच्या भट्टीवर थांबलो. दिगंबर कढईला लागूनच उभा राहून गप्पा मारत होता. करपल्याचा वास आधी आला तो मला, चप्पलजिभेच्या माणसाला. मी काही बोलायच्या आत भावजय धावत आली, "आवो दादा, लागला की खवा! कढईपाशीच हुभं हाय, अन् तुमास्नी कळलं न्हाय व्हय?" दिगंबरनं कढईत पाहिलं. खव्यात काळे कण फिरत होते. त्यानं चिमूटभर खवा बोटावर घेऊन नाकाशी धरला, मग पुन्हा धरला. मग बाही हुंगली आणि पुन्हा धरला. भावजय हसत होती, तिला वाटलं मास्तर चेष्टा करतायत. परतीच्या वाटेवर येरमाळा आला. मग दिगंबर खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "पाणी चांगलंच होतं रे तुझं."

सोलापूरच्या डॉक्टरांना नाकाच्या मागे गाठ सापडली. "थोडं लवकर आला असतात तर..." असं म्हणून त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. ते अर्धं वाक्य वहिनी आणि मी अजून आळीपाळीनं पुरं करत असतो. पुढची उपचारांची रडकथा सांगत नाही, ज्यांच्या घरी झाली त्यांना ती ठाऊक आहे. गावानं मात्र निकाल लावून टाकला, 'पिऊन पिऊन झालं.' कटिंगच्या दुकानात एकजण हे म्हणाला तेव्हा मी अर्ध्या दाढीनं उठून भांडलो. भांडून काय झालं? काही नाही. दाढी तेवढी अर्धी राहिली.

शेवटच्या महिन्यांत त्याला गिळणंही जमेना. तरी रविवार आला की ग्लास मांडायला लावायचा. उशीला टेकून म्हणायचा, "आता तू घे अन् मला सांग." मी घ्यायचो. कडवट आहे, गरम आहे, घसा जाळते आहे... माझ्याकडचे शब्द तिथंच संपायचे. "अन् मागं?" तो डोळे मिटून वाट बघायचा. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला इतकं ढ कधी वाटलं नव्हतं. मित्राला हवा होता एक वास, तो माझ्या नाकाखाली होता, आणि तो उचलून त्याला देता येत नव्हता. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "खवा येतोय रे. लागायच्या आधीचा." त्यानं झटकन डोळे उघडले. "कुठल्या ग्लासात?" मी डावीकडचा दाखवला. वहिनींनी तो उचलला, बुडाची चिठ्ठी वाचली आणि खाली ठेवला. धुराची व्हिस्की उजवीकडे होती. दिगंबर हसला. अगदी पूर्वीसारखा हसला. "अरे येड्या, खोटं बोलायलाबी नाक लागतं." मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "पण यायलास तू रविवारचा. लई झालं."

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. बाटल्या कुणाला तरी देऊन टाका, असं नातेवाईक म्हणतात, पण वहिनींनी कपाटाला हात लावू दिलेला नाही. मी रविवारी जातो, कॅन घेऊन. त्याच खिडकीशी बसतो. वहिनी दोन ग्लास आणून ठेवतात, चिठ्ठ्या लावून. आता त्या "नैवेद्य" म्हणत नाहीत. मागच्या रविवारी मी डोळे मिटले, त्यानं शिकवल्याप्रमाणे तोंड जरासं उघडं ठेवून ग्लास नाकाशी धरला... आणि वास आला. खरंच आला! गोड, धुराचा. भीतीचा म्हणजे काय ते मला त्या घटकेला कळलं. मी वेड्यासारखा ओरडलो, "वहिनी! आला! खवा आला, लागायच्या आधीचा!"

वहिनी दारातच होत्या. हातात फडकं, डोळे भरलेले. "आवो भाऊजी," त्या म्हणाल्या, "माझं दूध लागलं हो गॅसवर. हितं दारात हुभी ऱ्हायले, ध्यानच ऱ्हायलं न्हाय."

आधी त्या हसल्या, मग मी हसलो, आणि मग हसणं आमच्या हाती राहिलं नाही. पातेलं उतरवायला त्या आत गेल्या. मी बाही हुंगली. ग्लास पुन्हा नाकाशी धरला आणि कितीतरी वेळ धरून बसलो. दारूचा वास आला.