धुतलेल्या पायांची मंडळी

लातूरच्या आमच्या मंडळीचा मी चिटणीस. मंडळी म्हणजे आमचं लहानसं चर्च आणि तिथं येणारी पन्नासेक घरं. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, सगळं माझ्या रजिस्टरात आहे. किश्श्यांना मात्र रकाना नाही! ते आपले साचत जातात. माळ्यावरच्या सामानासारखं, एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात. आणि माझा अनुभव असा, की सेवा करायला निघालेल्या माणसाची जेवढी फजिती होते, तेवढी चोरी करायला निघालेल्याचीही होत नसेल.

खरं सांगायचं तर हे किस्से मी एकाच माणसासाठी जमवतोय. माझा थोरला भाऊ, दादा. बिलोलीत असतो, शाळेतून रिटायर झाला आणि आता रान बघतो. लहानपणी काहीही गमतीचं घडलं की मी आधी त्याच्याकडे पळायचो. नऊ वर्षं झाली, आमचं बोलणं नाही. किस्सा घडतो, मी पोट धरून हसतो, आणि मग लक्षात येतं की हे ज्याला सांगायचं तो बिलोलीत आहे.

*

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमचा उपासकाळ. प्रत्येकानं आवडीची एक गोष्ट सोडायची आणि ती मंडळीपुढं उभं राहून सांगायची. एका वर्षी आमचा विल्सन उठला. हा ऑटो चालवतो, आवाज भोंग्यासारखा.

"मी मटण सोडलं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. विल्सननं मटण सोडणं म्हणजे मोठीच गोष्ट. तेवढ्यात मागून मार्थाबाई उठल्या. मार्थाबाई रिटायर्ड नर्स. अर्ध्या मंडळीला त्यांनी कधी ना कधी इंजेक्शन दिलंय, त्यामुळे त्यांच्यापुढं कुणी तोंड वर करत नाही.

"विल्सन, तुझा रिपोर्ट मी बघितलाय. मटण तुला डॉक्टरनं सोडवलंय. ते प्रभूच्या नावावर लावायचं न्हाई!"

विल्सन खाली बसला, पुन्हा उठला आणि पडलेल्या आवाजात म्हणाला, "मंग तंबाखू."

त्या वर्षी मी चहा सोडला होता. चौथ्या दिवशी मी घरात भांडी आपटतोय हे बघून माझी बायको शालिनी चहाचा कप घेऊनच आली. "अहो, घ्या. उपास तुमचा, शिक्षा आम्हाला कामून?"

हे मी पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या पास्टरना, हसत हसत सांगितलं. ते वयानं माझ्या मुलाएवढे, पण बोलणं मोजकं. तेही हसले. मग म्हणाले, "चहा सोडून बघितला. आता अबोला सोडून बघा, चिटणीससाहेब."

मी रजिस्टर काखेत मारलं आणि घरी आलो. चहा मात्र प्यालो.

*

एका रविवारी उपदेश होता, कुणी तुला एक कोस चल म्हणालं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. विल्सन पहिल्या बाकावर बसून ऐकत होता. तिथंच आमचं चुकलं.

सोमवारी सकाळी एक काकू त्याच्या ऑटोत बसल्या. हातात भाजीच्या दोन पिशव्या. त्यांना डाळ मिलच्या अलीकडं उतरायचं होतं. विल्सननं डाळ मिल मागं टाकली.

"अहो भाऊ, माझं घर गेलं!"

"काकू, बसा निवांत. पुढचं फुकट हाय!"

"मला पुढं कुठंच जायचं न्हाई!"

"घाबरू नका! प्रभूची आज्ञा हाय!"

हे ऐकल्यावर काकूंनी जी आरोळी ठोकली, ती दोन चौकांपर्यंत गेली. लोकांनी ऑटो अडवला. विल्सन सगळ्यांना समजावून सांगतोय की मी सेवा करून राहिलो, आणि काकू पिशवीतल्या मुळ्यानं त्याच्या पाठीत हाणतायत! शेवटी पाळकसाहेबांना जाऊन त्याला सोडवून आणावं लागलं.

"विल्सन," ते वाटेत म्हणाले, "दुसरा कोस आपण चालायचा असतो. दुसऱ्याला न्यायचं नसतं."

हा किस्सा घडला त्या संध्याकाळी मी फोन हातात घेतला होता. दादाचा नंबर काढला. मुळ्याचं ऐकून तो कसा हसला असता, आधी आवाज नाही, नुसते खांदे हलणार आणि मग डोळ्यांत पाणी, ते मला स्वच्छ दिसत होतं. नंबराकडे बघत बसलो आणि फोन खिशात ठेवला.

*

दर शनिवारी आम्ही मोठ्या दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना जेवण देतो. भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा. भाकऱ्या घराघरांतून येतात, वरण मार्थाबाईंचं. मार्थाबाई नर्स एक नंबर, पण वरण... जाऊ द्या.

एकदा रांगेच्या बाहेर जवळच्या मुरूडचे एक अप्पा उभे होते. किराणा दुकानदार, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. पाव्हणे, या म्हटलं तर हात जोडायचे आणि तिथंच थांबायचे. दुसऱ्या शनिवारीही तसंच. तिसऱ्या शनिवारी मात्र रांगेत आले, जेवले, काही न बोलता गेले. आणि चौथ्या शनिवारी आम्ही पातेलं उतरवतोय तोवर तुरीच्या डाळीचं पोतं खांद्यावर घेऊन हजर! पोतं ठेवलं, बाह्या सारल्या आणि मार्थाबाईंच्या हातातला डाव काढून घेतला.

"अप्पा, तुम्ही कशाला?" मी म्हणालो.

"बाई, रागावू नका," अप्पा मार्थाबाईंना म्हणाले, "पण तुमचं वरण लई पातळ व्हायलंय!"

मार्थाबाईंना असं बोललेला हा पहिला माणूस. बाईंनी एक चमचा चाखून बघितला आणि म्हणाल्या, "हाव. हाय पातळ."

वाढता वाढता मी अप्पांना विचारलं, पेशंट कोण तुमचं? म्हणाले, धाकटा भाऊ. दुकानाच्या वाटणीवरून चार वर्षं कोर्टात भांडलो. "आता त्याच्या उशाला बसून राहिलो. दुसरं कोण बसंल?"

माझ्या हातातली भाकरी पुढचा माणूस ओढत होता आणि मी ती सोडतच नव्हतो.

*

आता नऊ वर्षांपूर्वीचं सांगतो, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्यात हसण्यासारखं काही नाही.

आई शेवटची तीन वर्षं माझ्याकडे होती. दादा महिन्याला यायचा, डाळ, शेंगा, तिच्यासाठी मऊ धपाटे घेऊन. करणारा मी, आणि आई मात्र दिवस मोजायची ते त्याच्या येण्याचे. हे मला बोचायचं. ती गेली त्या दिवशी दादा उशिरा पोचला. दाराशी माणसं जमलेली, त्याचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, "कुणीतरी पाहुण्यांना पाय धुवायला पाणी द्या!"

दादानं माझ्याकडे बघितलं. पाय न धुता तसाच कबरेपर्यंत आला, माती टाकली आणि न जेवता गेला. नांदेडहून गाडी मिळाली नाही म्हणून तो खडीच्या ट्रकात उभा राहून आला होता, हे मला चार दिवसांनी कळलं.

आमच्या आईचा एक नियम होता. रानातून आलो की ती आम्हा दोघांना दारात अडवायची. "पाय धुवा. आन बोटांच्या बेचक्यातली माती काढा, मगच घरात या." दादा आधी माझे पाय चोळून द्यायचा, मग स्वतःचे. त्याच पायांवरून मी त्याला बोललो. मला त्याची आठवण येते. नुसती येत नाही, छळते.

माफी मागायला दोनदा निघालो. दोन्ही वेळा नांदेडच्या स्टँडवर उतरलो, भजी खाल्ली आणि पुढची बिलोलीची गाडी लागलेली असताना परत लातूरच्या गाडीत बसलो. शालिनीनं विचारलं, कुठवर गेला होता? म्हटलं, भज्यांपर्यंत.

*

आमच्या मंडळीत शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, गुरुवारी, एकमेकांचे पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूनं शिष्यांचे धुतले, तुम्हीही धुवा, अशी आज्ञाच आहे. आधीच्या रविवारी डब्यातून नावांच्या चिठ्ठ्या उचलायच्या. ज्याचं नाव येईल त्याचे पाय आपण धुवायचे. चिठ्ठी बदलून मिळत नाही. आणि माणूस येऊ शकत नसेल, तर तांब्या-टॉवेल घेऊन आपण त्याच्या घरी जायचं.

पहिल्या वर्षीची गंमत ऐका. अख्खी मंडळी घरून पाय घासून आली! विल्सननं तर प्युमिस स्टोन विकत आणला होता. बायकांनी टाचांना क्रीम लावलेलं. मार्थाबाईंनी ओळीनं पाय बघितले आणि तांब्या खाली आपटला.

"एवढे लख्ख पाय! मंग मी काय धुवू, माझं डोकं?"

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, पाय देणंही अवघडच असतं." पण दरवर्षी हेच. लातुरात टँकरच्या पाण्याची मारामार असलेल्या वर्षीही लोक पाय धुवूनच आले! मी त्यांना किती हसलोय, काय सांगू.

*

यंदा ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी डबा फिरला. चिठ्ठ्या लिहायचं आणि डबा फिरवायचं काम शालिनीचं, आणि चिटणीसानं शेवटची उचलायची ही आमची पद्धत. डब्यात एकच उरली होती. उघडली. लिहिलं होतं, "दादा, बिलोली."

अक्षर मी तीस वर्षं वाण्याच्या यादीत बघत आलोय. मी बायकांच्या बाजूला बघितलं, तर शालिनी जागेवर जाऊन, मान खाली घालून पुस्तकात गीत शोधत होती. गीताचा नंबर अजून कुणी सांगितलाच नव्हता. सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावर लक्षात आलं, तिचं स्वतःचं नाव कुणालाच आलं नव्हतं.

"पाळकसाहेब, ही चिठ्ठी..."

"बदलून मिळत नाही," पाळकसाहेब म्हणाले.

गुरुवारी पहाटे तिनं पिशवी भरून दिली. आत आईचा पितळी तांब्या आणि नवा टॉवेल. विल्सननं स्टँडवर सोडलं. "काका, नांदेडला उतरलात की भज्याच्या गाड्याकडं पाठ करा," असं बजावलं. वाटेत मी काय बोलायचं ते पाठ करत होतो. दादा, माझं चुकलं, इथून सुरुवात होती.

बिलोलीला उतरलो आणि धीर सुटला. स्टँडवर नळ दिसला. धीर येईपर्यंत काहीतरी करायला हवं होतं, आणि आईची सवय अंगात. शेजारच्या टपरीवरून साबण घेतला आणि बसून पाय धुतले. नीट, बेचक्यांतून.

दादाच्या घराला कुलूप नव्हतं, पण आत कुणी नव्हतं. वहिनी लेकीकडे गेल्या होत्या, हे शेजारणीनं सांगितलं. मी ओट्यावर बसलो. तासाभरानं दादा आला. भुईमुगाला पाणी देऊन येत होता, पोटऱ्यांपर्यंत काळा गाळ. केस पार पांढरे झालेले. मला बघून थांबला. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. आत गेला, तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"घ्या पाव्हणे. पाय धुवा."

नऊ वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. मी पाठ केलेलं सगळं विसरलो.

"धुतलेत," मी म्हणालो.

"कुठं?"

"स्टँडवर. साबण लावून."

दादानं माझ्या पायांकडे बघितलं. लख्ख होते! मग तांब्याकडे बघितलं. त्याचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे.

"मंग आता ह्या पाण्याचं काय करू?"

मी पिशवीतून टॉवेल काढला आणि ओट्यावरून उतरून खाली उकिडवा बसलो. दादा ओट्यावर टेकला आणि गाळानं भरलेले दोन्ही पाय पुढं केले.

"नीट धू," तो म्हणाला. "बेचक्यात माती ऱ्हायती."