मावशीच्या श्वासाची रेघ

घरात सगळ्यांत धाकटी म्हणून तिला बारकी म्हणत. चाळिशी उलटली तरी ते नाव सुटलं नाही. काम मात्र नावाला साजेसं मिळालं: केसाएवढे काचेचे तंतू जोडायचे. तिच्या कारखान्यात रुग्णाच्या गादीखाली अंथरायची चटई बनत होती. चटईतल्या तंतूतून उजेड वाहायचा. श्वासाबरोबर तंतू किंचित वाकायचा, वाकला की थोडा उजेड बाहेर गळायचा, आणि त्या कमीजास्त होण्यावरून पडद्यावर श्वासाची रेघ उमटायची.

कारखान्यातल्या मंडळींवर चटई झकास चालली. इंजिनीअर मॅडमना तरी चैन नव्हतं. "आपण सगळे खाऊनपिऊन सुखी. वाळलेल्या माणसावर चालेल का?"

"माझ्या मावशीला आणते," बारकी म्हणाली. "फुंकर मारली तर उडेल."

आईमागे बारकीला याच मावशीनं वाढवलं होतं. ती ठेवणीतले कपडे घालून आली आणि चटई अंथरलेल्या खाटेवर ऐसपैस आडवी झाली. रेघ सपाटच.

"काय म्हणतंय गं यंत्र?"

"खाट रिकामी आहे म्हणतंय."

"म्हणजे मी गेले? आधी चहा तरी पाजायचा होतात."

मॅडमना हसू आवरेना. मग त्या म्हणाल्या, "आपला उजेड आखूड लहरींचा आहे. तो तंतूच्या मधोमध घट्ट राहतो, जरासं वाकल्याचं त्याला काही वाटत नाही. लांब लहरींचा उजेड पसरून चालतो, म्हणून लवकर गळतो. पण तो फारच हळवा. शेजारून कोणी चाललं तरी दाखवेल."

"मग दोन्ही दिवे लावून बघू या?" बारकीनं विचारलं.

मॅडमनी क्षणभर विचार केला. "बघू या. श्वास लांबवाला सांगेल, मोठी हालचाल आखूडवाला. ती वजा केली की नुसता श्वास उरेल."

बारकी दुसऱ्या दिव्यासाठी तंतूचा नवा सांधा जोडायला बसली. पहिला बिघडला, कारण मावशी टक लावून बघत होती.

"मावशी, जरा तिकडे तोंड कर ना."

दुसरा जमला. मावशी परत आडवी झाली आणि पडद्यावर बारीकशी लाट उठली, खाली आली, पुन्हा उठली. बारकी बघतच राहिली. लहानपणी रात्री जाग आली की ती अंधारात मावशीचा श्वास ऐकायची, मगच तिला झोप लागायची. आज तोच श्वास तिला डोळ्यांनी दिसत होता. मावशीच्या पायांवर तिनं चादर नीट केली.

आता नव्या चटया तयार झाल्या की मावशीला बोलावणं जातं. कुठे निघालात असं शेजारणीनं विचारलं, की ती ऐटीत सांगते, "कारखान्यात. झोपायला."