दोन डेंटर

चाचांना कुठलीही वस्तू दिसली, की ते ती आधी हलवून बघत. राम राम, सलाम सगळं त्यानंतर. लग्नाला गेले तर नवरा-नवरीकडे बघण्याआधी मांडवाचा खांब हलवत, कुणाच्या घरी गेले तर बसण्याआधी खुर्ची. माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दातांची ती एवढी मोठी खुर्ची दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली होती. ती जागची हलली नाही, मगच ते तिच्यावर बसले. "हाललं की ग्येलं," हे त्यांच्या आयुष्याचं सार होतं आणि ते त्यांनी मला त्या पहिल्याच भेटीत ऐकवलं, तेही माझा आरसा तोंडात असताना.

मी माहेरची साताऱ्याची. लग्न होऊन आष्ट्यात आले आणि मुख्य रस्त्यावर दातांचा दवाखाना थाटला. चाचांचं वर्कशॉप तिथून हाकेच्या अंतरावर. मूळ धंदा उसाच्या ट्रॉल्या बांधण्याचा. पंचक्रोशीतल्या निम्म्या ट्रॉल्या आपल्या हातच्या आहेत असं ते सांगत, आणि उरलेल्या निम्म्या दोन हंगामांत मोडतात असंही सांगत. पुढे जीपगाड्या आणि मोटारी वाढल्या तसं त्यांनी ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्याचं काम धरलं. या कामाला आपल्याकडे डेंटिंग म्हणतात आणि करणाऱ्याला डेंटर. माझ्या पाटीवरचा 'डेंटल' हा शब्द वाचून चाचांनी परस्परच ठरवून टाकलं की आपण एकाच बिरादरीतले.

"तुमी बी डेंटर, आमी बी डेंटर," ते म्हणाले. "तुमचं गिऱ्हाईक वरडतंय, आमचं गप ऱ्हातंय, येवढाच काय तो फरक."

हे त्यांनी गावभर केलं. पेशंट येऊन "डेंटरीणबाई हायत का?" असं विचारायला लागले. सासूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढं शिकून सुनेला गॅरेजवाल्यांत बसवलं म्हणून त्या दोन दिवस धुसफुसत होत्या. मला मात्र ते नाव आवडलं होतं. खरं सांगायचं तर कामात फार फरक नव्हताच. कीड खरवडायची, खड्डा भरायचा, घासून पातळीत आणायचं, रंग जुळवायचा. पत्र्यावरचा खड्डा बुजवायला जी पुट्टी वापरतात तिला ते लांबी म्हणत. गंजलेलं तसंच ठेवून वरून लांबी फासणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग होता. "त्यो डेंटर न्हवं, गवंडी," असं म्हणून ते अशा माणसाला बिरादरीबाहेर काढत.

माझ्या कामावर त्यांचं बारीक लक्ष असे. एकदा एका शिक्षकांना मी पुढचा दात बसवला. चाचा बाहेर बाकावर बसून होते, त्यांनी मास्तरांना दारातच थांबवून तोंड उघडायला लावलं आणि दात जरा पिवळा हवा होता असा निकाल दिला. माझा रंग बरोबर होता, मी तसं सांगितलं. चाचांनी मान हलवली ती "तुम्ही म्हणता म्हणून" अशा अर्थाने. पुढचा आठवडाभर मास्तर दिसतील तिथे त्यांना उन्हात उभं करून तोंड उघडायला लावत होते. शेवटी एक दिवस येऊन म्हणाले, बरोबर हाय. मास्तर तोवर रस्ता बदलून शाळेत जायला लागले होते.

चाचांच्या स्वतःच्या तोंडात एक खास दात होता, वरचा, डाव्या बाजूचा. माझ्याआधी कुणीतरी त्याच्या मुळात स्टीलचा खिळा बसवून वर टोपी घातली होती. या दाताचा त्यांना अभिमान होता, कारण तो हलत नव्हता. बकरी ईदला नळी फोडताना त्याच दाताने दगा दिला. मी बघितलं तर मूळ उभंच्या उभं फाटलेलं. दात काढावा लागला. काढलेले दोन तुकडे त्यांनी तळहातावर घेतले आणि कितीतरी वेळ बघत राहिले. "खिळा शाबूत हाय की," असं परत परत म्हणत होते, जणू सगळी चूक दाताचीच. मी समजावलं, की खिळा दातापेक्षा कडक असतो. जोर आला की तो वाकत नाही, मग तो जोर मुळावर जातो आणि मूळ फुटतं. म्हणून आता आम्ही जो बसवतो तो वेळ आली तर स्वतः आधी मोडतो, मूळ वाचतं. चाचांना हे मुळीच पटलं नाही. मोडायचंच असेल तर बसवायचा कशाला, असं विचारून ते तरातरा निघून गेले.

आता गाडीचं सांगते. कॉलेजात असल्यापासून मला दोन दारांची, जमिनीलगत धावणारी गाडी हवी होती. नवी घेण्याची ऐपत नव्हती, पण हौस दांडगी. साताऱ्यात जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे लालचुटूक अशी एक दिसली आणि मी भाळले. विकणारा म्हणाला, गाडीला साधं खरचटलेलंसुद्धा नाही. भाळलेल्या माणसाला एवढं पुरतं. आष्ट्यात आल्यावर त्या गाडीचं खालचं पोट प्रत्येक गतिरोधकाला घासत होतं, हंगामात उसाच्या गाड्यांमागे ती रांगत होती, आणि सासूबाई तिच्यात बसल्या तर बाहेर यायला तयार नसत, कारण येताच येत नसे.

चाचांनी तिचं दार हलवलं, टप हलवला, आरसा हलवला. आरसा हलला, तेव्हा कपाळाला आठी पडली. मग आत बसून बघितलं. "बसाय येकटा पुरं, पन उतरवाय चौघं लागत्यात," असा शेरा मारला खरा, पण गाडी त्यांना मनापासून आवडली होती. वर्कशॉपसमोरून जाताना मी हॉर्न वाजवला नाही तर त्यांना राग येई. हॉर्न ऐकला की बाहेर येऊन गिऱ्हाइकांना दाखवत, आमच्या डेंटरीणबाईंची गाडी.

वर्षभराने चाकांतून आवाज येतो म्हणून मी ती कोल्हापूरला सर्व्हिसिंगला नेली. तिथल्या इंजिनिअरने गाडी वर उचलली आणि मला खाली बोलावलं. पुढच्या बाजूला, इंजिनाच्या दोन्ही अंगांनी, बंपरपर्यंत जाणारे पत्र्याचे दोन पोकळ दांडे असतात. त्या दांड्यांच्या आत कुणीतरी जाड लोखंडी चॅनेल घालून वेल्डिंग केलं होतं. खालून दिसणाऱ्या भागावर काळा रंग. एका ठिकाणी रंगाचा पोपडा उडाला होता, खाली पिवळा रंग होता आणि त्यावर सुबक अक्षरांत 'ऊस वा' एवढं वाचता येत होतं. पुढचं 'हतूक' कापलं गेलं होतं. माझ्या स्पोर्ट्स कारच्या पोटात उसाची ट्रॉली होती! तो पोरगेला इंजिनिअर आधी हसला, मग त्याने दांड्यावर बोटाने टकटक केलं.

"मॅडम, हे दांडे धडकेत चुरगळावेत म्हणूनच असतात," तो म्हणाला. "आता समोरून ठोकली तर गाडीला काही होणार नाही. जे व्हायचं ते तुम्हाला होईल."

परतीच्या वाटेवर मी इतकी हळू चालवत होते, की ट्रॅक्टरवाले मला ओलांडून जात होते. साताऱ्याच्या विक्रेत्याला फोन केला, तर तो म्हणाला, गाडी पळतेय ना मॅडम, मग झालं. मनातल्या मनात मी त्या अज्ञात वेल्डरचा उद्धार करत होते, आणि तशीच थेट चाचांकडे गेले. म्हटलं, कुण्या दिवट्याने काय करून ठेवलंय ते बघा आणि काढून टाका.

चाचा गाडीखाली गेले. मग बाहेर आले ते चेहरा उजळलेला.

"कुना ऐऱ्यागैऱ्याचं काम न्हाई ह्ये," ते म्हणाले. "माझं हाय. तवा गाडी पांढरी व्हती, म्हनून वळकली न्हाई."

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. कुंडलकडच्या एका बागायतदाराच्या मुलाने ही गाडी उसाच्या ट्रॉलीवर घातली होती. पुढचा भाग पार चेंदामेंदा. मुलगा वाचला होता. त्याचे वडील हात जोडून म्हणाले, चाचा, परत असं व्हायला नको, अशी बांधा. चाचांना पत्र्याचे ते पोकळ दांडे बघून कंपनीची कीव आली होती. एवढ्या महागाच्या गाडीत असला फोपसा माल! म्हणून त्यांनी आपल्याकडचं सगळ्यात चांगलं लोखंड काढलं, एका मोडीत निघालेल्या ट्रॉलीचं, आणि जीव ओतून काम केलं. आता हत्ती आदळला तरी हलणार नाही, हे सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता. मला हसावं की रडावं कळेना. अंगचोरपणा केला म्हणून माणसावर रागावता येतं. इथे तर फार माया केल्याने घात झाला होता.

मी इंजिनिअरचं वाक्य सांगितलं. चाचा भडकले. कंपनीवाल्यांना पार्ट विकायचे असतात, ते असंच बोलणार, म्हणाले. चार पोरं कोट घालून उभी राहिली म्हणजे लोखंड कमजोर होत नाही, म्हणाले. मी गप्प ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "चाचा, तुमचा दात आठवतोय का?"

ते बोलता बोलता थांबले. जीभ गालाच्या आत, त्या रिकाम्या जागेवर जाऊन फिरली, मला बाहेरून दिसलं.

"म्हंजी त्यो खिळा म्या मारला व्हय?"

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, तुम्ही काळजीपोटीच केलंत की. त्यावर म्हणाले, "आवं, आय बी मायेनंच लेकराला जास्ती चारती. पोट दुखायचं ऱ्हातंय व्हय?"

मी गाडी कोल्हापूरला दुरुस्त करून घेते म्हटलं, तर त्यांनी किल्लीच काढून घेतली. केलं तसं निस्तरणारही आपणच. कंपनीचे तसेच पत्र्याचे दांडे मागवले, आणि जन्मात कुणाचा सल्ला न घेतलेला हा माणूस त्या पोरगेल्या इंजिनिअरला रिक्षाने स्टँडवरून आणवून, कुठे किती जोडायचं ते विचारून काम करत होता. सगळ्यात कठीण गेलं ते जुनं कापणं. चाचांचं वेल्डिंग चाचांनाही दाद देईना. ग्राइंडरची पाती झिजत होती, घाम निथळत होता. शेवटी वैतागून ते ओरडले, "कुनी बांधलंय रं ह्ये, मुडदा बशिवला त्येचा!" आणि वर्कशॉपमधली सगळी माणसं हसायला लागली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, मग तेही खाली बसून हसले. त्यानंतर काम सोपं झालं.

मला वाटलं, विषय संपला. पण चाचांनी असं लोखंड आणखीही गाड्यांत घातलं होतं. किती ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं. जे आठवत होते त्यांच्याकडे ते एसटीने जाऊ लागले, आज कुंडल, उद्या पलूस, कधी नदीपलीकडे. फुकट काढून देतो, गाडी घेऊन या, म्हणायचे. लोक चहा पाजत आणि पाठ वळली की चाचांना म्हातारचळ लागला म्हणत. कुणी विचारलंच, की इतकी वर्षं काही झालं नाही, आता कशाला, तर चाचा तोंड उघडून दाताची रिकामी जागा दाखवत. काहीजण आले, बरेच आले नाहीत. एका जीपवाल्याने तर त्यांना हात जोडून घालवलं. पडलेल्या चेहऱ्याने परत आले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच दारात. ही चिकाटी मी त्यांच्याकडून घेतली आहे. आपलं एखादं काम चुकलंय असं वाटलं, की मी आता स्वतःहून फोन करून पेशंटला बोलावते. सुरुवातीला जीभ रेटत नाही. पण चाचा एसटीच्या खिडकीत बसलेले आठवतात आणि फोन लागतो.

चाचा गेल्याला आता वर्ष होत आलं. वर्कशॉप पुतण्या चालवतो. गावात त्यांच्या कितीतरी गोष्टी सांगतात, मीही सांगते. पण मी त्यांची जी ऋणी आहे ती एका दुपारसाठी.

दांडे बदललेल्या त्या लाल गाडीतून आईला भेटायला साताऱ्याला निघाले होते. कराडच्या अलीकडे पुढचा टँकर महामार्गावर मध्येच थांबला. ब्रेक दाबल्याचं आठवतं, आवाज आठवतो. शुद्ध आली तेव्हा मी कराडच्या दवाखान्यात होते, गळपट्टीचं हाड मोडलेलं, बाकी धडधाकट. संध्याकाळी चाचा आले. नवऱ्याने सांगितलं की ते आधी चौकीच्या आवारात जाऊन गाडी बघून आलेत. हाताला काळं लागलं होतं. स्टूल ओढून ते माझ्या उशाशी बसले. आजवर बाई म्हणणारे चाचा त्या दिवशी पहिल्यांदाच मला पोरी म्हणाले.

"नाकापासनं काचंपतूर पार चुरगाळलीया. आन् तुज्या पायापाशी पत्रा बी वाकला न्हाई."

त्यांनी आपले काळे हात एकमेकांवर पुसले.

"लय चांगली मोडली, पोरी," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ओक्साबोक्शी रडायला लागले.