खर्चुडी, मुशी आणि सुमनताई

यवतच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी परसातल्या कुंडीला पाणी घालत होते. माझ्या थोरल्या जाऊबाई, सुमनताई, गेल्या होत्या. दीड महिना होत आला, तरी पाणी जरा जास्त पडलं की त्यांचा आवाज येतोच... "अगं, कंद कुजवशील!"

ताई यवतला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. शार्कवर, म्हणजे आपल्या मुशीवर, काम करायची त्यांना भारी हौस. लग्नानंतर रत्नागिरीला तशी नोकरी चालून आली. राहू गावातल्या आमच्या घरात कुणी नको म्हणालं नाही आणि जा असंही कुणी म्हणालं नाही. विषय निघाला की कुणीतरी म्हणायचं, "चहा ठेवा." त्या चहाचा मला अजून राग येतो. नोकरी गेली ती गेलीच.

मग त्यांनी डोंगरावरून खर्चुडीचं, म्हणजे एका रानकंदाचं, रोप आणून कुंडीत लावलं. "ही मुशीसारखीच संपत चाललीय," त्या म्हणायच्या. "हिला बिया थोड्या, तिला पिल्लं थोडी. वाढायला दोघींना वर्षं लागतात. आणि दोघी खायला चांगल्या, तेच नडलं." आमचे सासरे, आबा, लहानपणी मेंढरांमागे हिंडलेले. त्यांनी एक दिवस रोप ओळखलं, कंद उकरला, धुतला आणि खाल्ला! ताई घरी आल्या तर ताटलीत देठाकडचा तुकडा. "सूनबाई, खर्चुडी हाय. रानात आमी हीच खायचो. तुला निम्मी ठिवलीया." मला वाटलं, आता भांडण. ताई मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि तो तुकडा त्यांनी परत मातीत लावला.

तो जगला. पुढं फूल आलं तेव्हा त्यांनी मला दाखवलं. बारीक चिलट आत शिरतं, पण नळीतले केस आतल्या बाजूला वळलेले, मागे फिरता येत नाही. मुशीलाही मागे सरता येत नाही म्हणे, जाळ्यात ती पुढंच रेटत राहते.

"मग चिलट मरतं?"

"नाही गं. केस सुकले की फूल सोडतं त्याला. जाळं सोडत नाही."

"आणि तुम्ही, ताई?"

"चहा ठेव," त्या म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात पुन्हा फूल आलं. आबा कुंडीपाशी बसून होते. दुसऱ्या दिवशी फूल कललं, चिलट बाहेर आलं आणि उडालं. आबा तिकडंच बघत म्हणाले, "सुमनला जा म्हणाया पायजे व्हतं का गं?"

सवयीनं मी चहा ठेवायला उठले. मग परत खाली बसले.

"हो, आबा," म्हटलं.